वैशाख १३४०

ता. देवळी,
१५ मार्च २०२६

मेघास, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं असशील. चालेल. जळालेली मोटर दुकानात आली की मीही ती लगेच खोलत नाही, थंड होऊ देतो.

आईला तू चार फोटो पाठवलेस ते मी पाहिले. तिनं दाखवले नव्हते. ती आंघोळीला गेली होती आणि मोबाइल चार्जिंगला होता, एवढं सांगून थांबतो. पहिला फोटो न्यूयॉर्कच्या त्या एकशेदोन मजली बिल्डिंगचा. दुसरा तुझ्या न्यू जर्सीकडच्या पुलाचा, ज्याच्यावरून तू रोज कामाला जातेस. तिसरा दिल्लीचं इंडिया गेट. म्हणजे डिसेंबरात मैत्रिणीच्या लग्नाला दिल्लीपर्यंत आलीस आणि तिथूनच परत गेलीस, हेही मला त्या फोटोवरून कळलं. चौथा ब्राझीलमधला, डोंगरावर हात पसरून उभा असलेला येशू. चारही फोटोंखाली एक शब्द नाही. फक्त आकडा. १९३१.

संध्याकाळी आईनं मलाच विचारलं, "पोरगी फिरून राह्यली, चांगलं आहे. पन हा नंबर कायचा आहे हो? लॉटरीचा आहे का?"

मी म्हटलं, "असंल."

नंबर कशाचा ते मला माहीत होतं. आणि आईला पाठवलेला फोटो शेवटी कोण पाहणार, हे तुला माहीत होतं. पुलांचे सांधे तपासणारी पोर आहेस तू. भार कुठं ठेवला की कुठं पोचतो ते तुला कोणी शिकवायला नको.

मागल्या रविवारी फोनवर तू आईला विचारलंस, "बाबाची शुगर किती आली?" मी भिंतीपलीकडे होतो. भिंत नऊ इंची आहे, पण हे कान चाळीस वर्षं मोटरी ऐकत आले आहेत. बेअरिंग गेलं की वाइंडिंग, ते दारातूनच सांगतात. एकशे अडतीस आली. जेवणानंतरची.

आता विहिरीचं. गावातल्या मोठ्या घरच्या लक्ष्मणरावांचा मुलगा पियुष सरपंच झाला आहे. जुन्या विहिरी दुरुस्त करायचा निधी आला, त्यात आपल्या वस्तीची विहीर घेतली. एक मेच्या ग्रामसभेत ठराव करून तिथं ग्रॅनाइटचा बोर्ड बसवणार आहेत: 'राजविहीर, बांधकाम इ. स. १३४०.' एकदा ते दगडात आणि रेकॉर्डात गेलं की मग पुढची शंभर वर्षं तेच खरं.

तीन वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेतली तुझी बाजू तुला पाठ आहे. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, काठावरच्या दगडात 'वैशाख १३४०' कोरलं आहे ते इंग्रजी साल नाही, फसली साल आहे. गवंडी वर्धा नदीच्या पलीकडचा, यवतमाळच्या अंगाचा. तिकडे तेव्हा सारा-वसुलीचं फसली सालच लिहीत. त्यात पाचशे एक्क्याण्णव मिळवले की १९३१. कोण्या राजानं ती बांधली नाही. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरू देत नव्हते, त्या आपल्या तेरा घरांनी ती खोदली. कोणीतरी म्हणालं, पुरावा आहे का? तू माझ्याकडे पाहिलंस. लक्ष्मणरावांनीही माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "पोरगी इंजिनियर झाली, आता तिले सगळीकडे आकडेच दिसते." सभा हसली. तू संध्याकाळच्या एसटीनं वर्ध्याला गेलीस, आणि मग अमेरिकेला.

माझी बाजू एवढीच की माझ्याकडे पुरावा नव्हता. आज्यानं सांगितलेली गोष्ट ग्रामसभेत कोण धरतो? हात रिकामा असताना माणूस हसण्यावारी नेतो.

आता अर्ज करायचा म्हणतो. फसली सालाचा हिशेब कसा मांडायचा ते लिहून पाठव. मराठी माझं, आकडे तुझे.

तुझा,
बाबा


ता. देवळी,
८ एप्रिल २०२६

मेघा, जयभीम.

माझं पत्र पोचलं. कसं कळलं म्हणशील, तर तुझे फोटो बंद झाले.

रविवारी फोनवर तू आईला जे म्हणालीस ते तिनं मला असं सांगितलं: "मेघा म्हनते, तब्येत सांभाळा." मी मूळ ऐकलं होतं. "त्यांना सांग, खोटं लिहायला इतक्या महाग तिकिटाचा खर्च करू नका."

तर आता खरं लिहितो. तिकिटाचा भाव तोच आहे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी चोवीस वर्षांचा होतो. वर्ध्याच्या आयटीआयमधून वायरमनचा कागद घेऊन घरी बसलो होतो. ग्रामपंचायतीनं आपल्या विहिरीवर मोटर बसवली आणि तिसऱ्याच दिवशी पाणी ओढायची थांबली. पाइपाच्या तळाला फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी खाली परत जाऊ न देणारी झडप; त्यात काहीतरी अडकलं होतं. खाली उतरायला कोणी तयार नाही. मी उतरलो. पाणी कमरेइतकं होतं. एका हातानं पाइप धरला, दुसऱ्यानं भिंत चाचपत होतो, तर बोटांना दगडात खाच लागली.

टॉर्च मारली. खालून चौथा थर. त्या एका थरात ओळीनं तेरा दगडांवर तेरा खुणा. एका दगडावर विळा, एकावर डफ, एकावर विंचू, एकावर खाट, एकावर फणी. लिहिता कोणालाच येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घरानं आपली खूण कोरली. आणि शेवटच्या दगडावर एक पंजा. तीन बोटांचा.

माझा आजा, तुझा पणजोबा रामाजी, याची उजव्या हाताची दोन बोटं ती विहीर खोदताना सुरुंगात गेली. तुला हे गोष्टीसारखं माहीत आहे. मी त्या तीन बोटांना धरून शाळेत गेलो आहे. मी माझा हात त्या पंज्यावर ठेवला. माझी दोन बोटं कोऱ्या दगडावर राहिली.

वरून लक्ष्मणरावांनी आवाज दिला, "काई दिसलं का रे खाली?"

मी म्हटलं, "गाळ आहे नुसता."

का म्हणालो ते तेव्हा कळलं नाही. वर सगळं गाव वाकून बघत होतं, तेव्हा ती विहीर राजाची होती, आणि मी एकटा खाली कमरेइतक्या पाण्यात होतो. आठवड्यानं लक्ष्मणरावांनी आपल्या शेतातली पाच हॉर्सपॉवरची मोटर माझ्याकडे वाइंडिंगला दिली. आयुष्यातली पहिली मोटर. त्यांच्या नावावर दुसरे आले, त्यांच्यावरून तिसरे. दुकान उभं राहिलं, त्यातून तुझी शाळा, कॉलेज, विमान. एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण तो धागा ओढून पाहायचीही माझी कधी हिंमत झाली नाही.

म्हणजे ग्रामसभेत तू पुरावा मागत माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तो माझ्याकडे छत्तीस वर्षांपासून होता. हात रिकामा नव्हता. मी मूठ झाकून ठेवली होती, आणि वरून तुला हसलो.

मागल्या पत्रातली ती ओळ खोडून टाक.

बाबा


ता. देवळी,
१६ एप्रिल २०२६

मेघा, जयभीम.

परवा जयंती झाली. मिरवणूक चौकातून विहारापर्यंत गेली, पोरांनी डीजे एवढा मोठा लावला होता की माझ्या दुकानातली बंद मोटर थरथरली. तुझी आठवण सगळ्यांनी काढली. मी एकट्यानं काढली नाही, कारण माझं तोंड बुंदीनं भरलं होतं.

विहिरीचं तुझ्या आईला सांगून टाकलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि आता सांगितलं. ती ऐकून उठली आणि भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी पोळी वाढताना म्हणाली, "बारा वर्षं मी त्या विहिरीचं पानी भरलं. मोटर सदा बंद, दोर ओढू ओढू हाताले घट्टे पडले. अन् तुमी मले नाई सांगतलं की थे आपलीच होय?"

मी म्हटलं, "चुकलं."

"मले म्हनून काय होते? जिथं चुकले तिथं म्हना."

म्हणजे ग्रामसभेत. हे तिनं सांगेपर्यंत मी अर्जाच्याच विचारात होतो, हे तुला खरं सांगतो. अर्ज बरा असतो. तो टेबलावर ठेवून माणूस घरी येऊ शकतो.

काल पियुषकडे गेलो. लक्ष्मणराव ओसरीत बसले होते. बोर्ड वर्ध्याला बनायला दिला आहे, सोनेरी अक्षरं. मी पियुषला म्हटलं, "उद्घाटनाले पाहुणे येतीन, आत डोकावतीन, तर खाली शेवाळ अन् पाण्याच्या बाटल्या. बरं दिसंल का? विहीर उपसून साफ करून देतो."

पियुष म्हणाला, "काय घेसान काका?"

"गावच्या कामाचं कायचं घेऊ?"

तो खूश. लक्ष्मणरावांनी मात्र चष्म्यावरून पाहिलं. "अश्वजित, तू फुकट काम करून राह्यला? तब्येत बरी आहे ना तुही?"

"शुगर आहे थोडी," म्हटलं.

"मंग ठीक आहे," म्हणाले. पण बघत राहिले.

तू म्हणशील, बाबा अजूनही लपूनछपूनच. खरं आहे. पण विचार कर: मी नुसता उभा राहून 'मी पाहिलं होतं' म्हणालो, तर चाळीस वर्षांनी आठवलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील? मेमध्ये पाणी तसंही तळाला जातं. दोन पंप लावले की चौथा थर उघडा पडतो. मग बोलायचं काम दगड करतील, आणि उरलेलं मी.

मी भीत नाही. दोन्ही पंप दोनदा खोलून पाहिले, ते सवयीनं.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या चारही फोटोंतली बांधकामं १९३१ सालीच खुली झाली, आणि ती एकशेदोन मजली बिल्डिंग तर एक मेला, असं मोबाइलवर वाचलं. म्हणजे इकडे वैशाखच चालू होता. तिकडे साहेब लोक लिफ्टनं वर जात असतील आणि इकडे रामाजी दोरानं खाली. त्या बिल्डिंगीचे दगड-लोखंड ज्यांनी वर चढवले त्यांची नावं तिथं कुठं लिहिली आहेत का गं? सुट्टीच्या दिवशी जाऊन बघ. नसतील तर त्या हिशेबानं आपली विहीर पुढं आहे.

यंदा एक मेलाच बुद्ध पौर्णिमा आहे. विहारात वंदना करून कामाला लागेन.

बाबा


ता. देवळी,
२ मे २०२६

मेघा, जयभीम.

झालं. क्रमानं सांगतो, नाहीतर मध्येच फुशारकी मारीन.

साडेपाचला दोन पंप सुरू केले. एकाचं पाणी गावच्या टाकीत, दुसऱ्याचं लक्ष्मणरावांच्या संत्र्याच्या नव्या झाडांना. मे महिन्यात पाणी वाया घालवलं असं कोणी म्हणू नये. तरी वस्तीतली कौशल्याबाई घागर घेऊन आलीच. "अवं ताकसांडे भाऊ, उन्हाळ्यात विहीर कोरडी करता, उद्या पानी काय पोरीकडून अमेरिकेतून मागवता का?"

मी म्हटलं, "झरे जिते आहेत बाई. उद्या संध्याकाळी घागर भरली नाई तर माह्या घरून भरून नेजो."

दहाच्या सुमारास पंपाचा आवाज बदलला. पाणी ओढत असला की पंप भरल्या घशानं बोलतो, हवा लागली की चिरका होतो. मी दोन्ही बंद केले. त्याच वेळी पंचायतीतून सगळी सभा विहिरीवर आली, बोर्डासोबत फोटो काढायला. मी पियुषला म्हटलं, "सरपंच, तुमी सोता उतरून पाहून घ्या साफ झाली का. शिडी पक्की आहे." मी उतरणार होतो, पण तुझ्या आईनं माझ्या शर्टाचा काठ धरून ठेवला होता आणि ती धरते तेव्हा सुटत नाही.

पियुष मोबाइल घेऊन उतरला. थोड्या वेळानं खालून ओरडला, "काका! इथं कायतरी कोरलं आहे!"

फोटो काढून वर आला. मोबाइल हातोहात फिरला. एक म्हणाला, "राजमुद्रा होय." दुसरा म्हणाला, "राजाच्या मुद्रेत विंचू राह्यते का बे? अन् खाट? राजा झोपूनच राज्य करे काय?" लोक हसायला लागले, आणि मला वाटलं आता हसण्यातच जाईल सगळं. मागल्या वेळी गेलं तसं.

मी बोललो. आवाज माझाच होता, पण हवा लागलेल्या पंपासारखा. मी म्हटलं, या तेरा खुणा म्हणजे वस्तीची तेरा घरं. हा तीन बोटांचा पंजा माझ्या आज्याचा, रामाजीचा. वैशाख १३४० म्हणजे १९३१.

लक्ष्मणराव म्हणाले, "हे तुले आज समजलं का?"

इथं मला दार उघडं होतं. 'हो, आजच' म्हटलं असतं तर काम झालं असतं आणि कोणाचं काही बिघडलं नसतं. तुझ्या आईनं शर्ट सोडला.

मी म्हटलं, "नाई. सत्त्याऐंशीत मीच उतरलो होतो. तुमी वरून इचारलं, काई दिसलं का. मी गाळ म्हटलं. खोटं म्हटलं. अन् तीन सालाआधी माही पोरगी मेघा सभेत उभी राहून हेच सांगे. तिनं पुरावा माह्याकडे मागितला. माह्याकडे होता. मी देल्ला नाई, वरून तिची थट्टा केली. तुमी सारे हसले, पण हसवलं मी. थे खरं बोलत होती. चुकलो मी."

कौशल्याबाईनं काखेतली घागर खाली ठेवली.

मग लक्ष्मणराव हळूच म्हणाले, "हात तर कोनाचाबी असू शकते अश्वजित."

त्यांच्यामागे खुर्चीवर देवकाबाई बसल्या होत्या, त्यांच्या आई. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. बोर्डाला हार घालायला त्यांना आणलं होतं. त्या म्हणाल्या, "पाहू दे ना मले. पियुष, मोठा कर बाप्पा."

नातवानं फोटो बोटानं मोठा केला. त्यांनी मोबाइल नाकाशी धरला.

"हा रामाजीचा हात होय," म्हणाल्या. "मी लग्न होऊन आलतो तवा याच हातानं थो आमच्या वावरात जवारी कापे. दोन बोटं नोहती, तरी विळा सगळ्याच्या पुढं."

"आई, राहू दे," लक्ष्मणराव म्हणाले.

"काऊन राहू दे? मी काई उद्या राह्यत नाई. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली. तवा तुही आजी अन् मी घागरी घेऊन कुठी गेलतो? इथीच आलतो. रामाजीनं दोर हातात देल्ला. म्हने, भरा माय, पान्याले काय इचारता. सारं गाव दोन महिने या विहिरीवर जगलं. मंग तुह्या बापाले पंचाईत. ज्यायले आपन पान्याजवळ उभं केलं नाई त्यायचं पानी पेलो, हे चारचौघात म्हनाव कसं? तवा त्यानं चावडीवर सांगतलं, थे विहीर राजाची होय, जुनी होय, साऱ्या गावाची होय. दगडावर आकडा होताच. मी तोंड दाबून बसलो. सून होतो ना."

मेघा, चोपन्न वर्षं ती बाई गप्प होती आणि एकोणचाळीस वर्षं मी. दोघं रोज एकाच गावात.

पियुष गोंधळला. "मंग आजी, या बोर्डाचं काय करू?"

"पालथा टाक अन् कपडे धुवा त्याच्यावर."

हसणं फुटलं. पण या वेळी ते वेगळं होतं. पियुषनं तिथंच ठराव वाचला: विहीर तेरा घरांची, बांधली १९३१ साली, दुरुस्ती तशाच नावानं. हात वर झाले. लक्ष्मणरावांचा सगळ्यात शेवटी. माझ्याकडे न बघता वर केला, पण केला.

मला वाटलं होतं, गेली आता लक्ष्मणरावांची ओळख. तर आज सकाळी त्यांचा गडी दुकानात मोटर घेऊन आला. म्हणाला, "मालक म्हनते आवाज करते, पाहून घ्या." मी लावून ऐकली. काहीही आवाज करत नव्हती. पुन्हा ऐकली. ग्रीस भरून परत पाठवली आणि सांगितलं, "बरं केलं पाठवली ते."

विहिरीत संध्याकाळपर्यंत पाच फूट पाणी आलं. कौशल्याबाईची घागर भरली.

तुला मी काही मागत नाही. फक्त हे लिहायचं होतं की जिथं तुझी थट्टा केली, त्याच लोकांसमोर, त्याच सभेत ती परत घेतली.

बाबा


ता. देवळी,
१४ जून २०२६

मेघा, जयभीम.

तुझा कागद मिळाला. आईच्या मोबाइलवर पाठवलास, पण वर नाव माझं. 'श्री. अश्वजित ताकसांडे यांस.' झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. दोन पानं, मधे 'बाबा' हा शब्द कुठं नाही, 'कसे आहात' नाही. सगळं विहिरीबद्दल. मी तीनदा वाचला. झेरॉक्सवाला म्हणाला, "कोर्टाची नोटीस आली का काका?" मी म्हटलं, "त्याच्यापेक्षा कडक."

तू विचारलेलं सगळं मोजलं. काठापासून तळ अठ्ठेचाळीस फूट. व्यास साडेतेरा. उत्तरेकडच्या बाजूला सहाव्या आणि सातव्या थरात दगड बाहेर आले आहेत, पिंपळाच्या मुळानं. त्याचे फोटो आईच्या मोबाइलवरून पाठवतो आहे, बाजूला टेप धरून, तू सांगितलं तसं. पिंपळ मुळापासून उपटू नका हेही पियुषला सांगितलं. सिमेंट आणलेलं होतं, तेरा पोती. तुझी ओळ त्याला वाचून दाखवली: 'सिमेंटचा एक कण लागला तर दगड पाच वर्षांत फुटतील आणि त्याला सही करणारा जबाबदार राहील.' पियुषनं दुसऱ्या दिवशी पोती परत पाठवली. चुना भिजवायला खड्डा केला आहे. तू लिहिलंस, चुना निदान तीन महिने मुरायला हवा, घाई केली तर तो धरत नाही. मी पियुषला म्हटलं, बरोबर आहे, थांबू.

इकडे वेगळाच घोळ झाला आहे. फोटो गावाच्या ग्रुपवर गेले आणि पुण्या-नागपुरातून फोन सुरू झाले. जी पोरं दहा वर्षांत गावात फिरकली नाहीत ती विचारतात, आमची खूण कोणती? खाट लीलाबाईच्या सासरची निघाली, डफ तानबाच्या घरचा. विंचवावर दोन घरांचं भांडण आहे. दोघंही म्हणतात विंचू आमचा. कालपर्यंत एकमेकांना विंचू म्हणत होते, आता त्याच्यासाठी भांडतात. तू येऊन सोडव, माझ्या आवाक्यातलं नाही.

'येऊन' लिहिलं गेलं. कारण तुझं सातवं कलम मी वाचलं आहे. सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात: 'तपासणी करणाऱ्या इंजिनियरनं नोव्हेंबरमध्ये स्वतः जागा पाहिल्याशिवाय कोणीही दगड हलवू नये.' इंजिनियरचं नाव दिलं नाहीस. तुझ्या आईला ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "कोनाले पाठवते म्हनते थे? परका मानूस असंल तर त्याच्या जेवनाचं काय?" मी तिच्याकडे बघत राहिलो. मग तिला उमजलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि डबे खालीवर करायला लागली. जूनमध्ये. नोव्हेंबरसाठी.

पियुष म्हणतो सातव्या कलमाला पंचायतीची हरकत नाही. लक्ष्मणरावांनी निरोप दिला आहे की इंजिनियर बाई आल्या की देवकाबाईंना भेटवून न्यायच्या, त्या दर सकाळी विचारतात. मी म्हटलं, ते इंजिनियर बाईंचं त्यांनी ठरवायचं. मी त्यांच्या वतीनं हो म्हणत नाही. ते एकदा करून पाहिलं आहे.

दुसऱ्या पानाच्या तळाशी तू रकाने आखले आहेस: कामाच्या अटी मान्य असल्यास काम पाहणाऱ्यानं नाव, सही आणि नातं किंवा हुद्दा लिहून परत पाठवावं. नाव लिहिलं. सही केली. तिसऱ्या रकान्यात पेन ठेवला आणि उचलला. तो कोरा सोडला आहे. तिथं काय लिहायचं ते नोव्हेंबरात, विहीर पाहून झाल्यावर, तुझ्या हातानं भर.

अश्वजित ताकसांडे